पावसाचे पाणी जाते कुठे?
डहाणू ते तलासरी : भर पावसातली एक सहल

पावसाळ्यात सहल काढायची म्हटले की मुले सोडून शाळेत कुणीच खूश नसते. मुख्याध्यापकांना ओल्या कपड्यांची आणि तापाची काळजी, पालकांना भरलेल्या ओहोळांची. म्हणून आपल्या बहुतेक सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि आकाश निळे असते. पण कोकणातल्या वर्षभराच्या पाण्याचा सारा व्यवहार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. तो पाहायचा तर भिजायला हवे.

आमच्या सहलीला निमित्त झाले ते हजेरीपटाचे. तलासरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीची एक मुलगी मार्चपासून रोज पहिल्या तासाला उशिरा येई. मी हजेरीत तशी खूण करीत असे, एक-दोनदा रागावलेही. परीक्षेच्या सुमारास तिच्या मैत्रिणीकडून कळले, की पाड्यावरची विहीर आटली की ही पहाटेच आईबरोबर खालच्या ओहोळावर जाते. तिथे वाळूत खणलेल्या डवऱ्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचे, वाटीवाटीने हंडा भरायचा, चढ चढून घरी यायचे आणि मग शाळा.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पाऊसही धो धो सुरू झाला. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहिले, ‘कोकणात भरपूर पाऊस पडतो.’ ती मुलगी उठून म्हणाली, “बाई, एवढा पडतो, तर मग जातो कुठं?”

‘वाहून समुद्राला मिळतो’ हे पाठ्यपुस्तकातले उत्तर माझ्या ओठांवर होते. पण ते तिच्या विहिरीपर्यंत पोचत नव्हते. तेव्हा ठरवले, की पाणी जिथे संपते तिथून, म्हणजे डहाणूच्या समुद्रापासून सुरुवात करायची आणि पाण्याच्या उलट दिशेने तिच्या पाड्यापर्यंत यायचे.

सामान आणि मुहूर्त

सामान अगदी साधे घेतले : दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा, एक लिटरचे माप, सेकंदकाटा असलेले घड्याळ, दोरी, चार रिकाम्या बाटल्या आणि शीतपेय पिण्याच्या नळ्या. नळीचे एक टोक मेणाने बंद करून आत दोन-तीन बारीक खिळे टाकले की ती पाण्यात उभी तरंगते. पाणी जितके खारट तितके ते जड, आणि तितकी नळी वर राहते. पावसाच्या पाण्यात ती कुठवर बुडते तिथे आधीच दोऱ्याची खूण बांधून ठेवली. झाला आमचा क्षारमापक.

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून निघालो. सरळ बाजूंची एक लिटरची प्लास्टिकची बाटली खांद्यापाशी कापावी आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. बुड सपाट नसते, म्हणून तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरावे आणि तिथे शून्याची खूण करावी. त्यावर कागदी पट्टी चिकटवली की काम झाले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे मुलांच्या मनात पक्के बसवावे. पुढचा सगळा हिशेब त्यावरच चालतो.

दिवस निवडला आषाढ शुद्ध चतुर्थीचा. त्यामागे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण सहलीपुरते हे पुरते. हा हिशेब बरोबर का येतो? एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या तुलनेत पूर्ण चोवीस तासांनी मागे पडतो. म्हणजे रोज सुमारे पन्नास मिनिटे. चंद्राबरोबर भरतीही तेवढीच पुढे सरकते. पन्नास मिनिटांऐवजी पाऊण तास धरणे तोंडी हिशेबाला सोपे, इतकेच.

खाडीच्या तोंडाशी

डहाणूचा किनारा फार कमी उताराचा आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की लाटांची पांढरी रेघ पावसात नीट दिसतही नाही. उत्तरेकडे खंभातचे आखात निमुळते होत जाते. त्यामुळे मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी सुमारे पाच मीटर असलेला पाण्याचा चढउतार भावनगरजवळ दहा मीटरच्याही पुढे जातो. डहाणू या वाटेवर आहे. पावसाळी समुद्र खवळलेला असतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. पाण्यात कुणालाही उतरू द्यायचे नाही हे आधीच ठरले होते. समुद्राचे पाणी एका कोळीदादांनी बाटलीत आणून दिले. खाडीचे आम्ही धक्क्यावरून दोरीला बाटली बांधून काढले.

तिन्ही पाण्यांत नळी सोडली. समुद्राच्या पाण्यात ती सर्वांत वर राहिली, पावसाच्या पाण्यात दोऱ्याच्या खुणेपर्यंत बुडाली आणि खाडीच्या पाण्यात मधेच कुठेतरी थांबली. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत पावसाने ते पातळ केले होते. पाणी चहासारखे तांबूस-तपकिरी होते. “ही आपलीच माती,” एक मुलगा म्हणाला. ते खरेच होते. डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर इथवर येते. तिवरांची उभी श्वासमुळे वाहत्या पाण्याचा वेग कमी करतात आणि तिथे काही गाळ बसतो. त्याच गाळावर निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. ओहोटीला खाडीचे पाणी सरळ समुद्राकडे धावते. भरतीला समुद्र आत शिरतो आणि वरून येणारे पाणी तुंबते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर सखल भागात पाणी साचते, ते यामुळे.

म्हणजे पाणी समुद्राला मिळते हे डोळ्यांनी पाहिले. पण किती पाणी, आणि वाटेत त्याला कुणी थांबवते का?

चिकूच्या वाडीतली विहीर

डहाणूहून घोलवडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात. चिकू मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण इथे तो असा रुजला की २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. एका वाडीत मालकांच्या परवानगीने डबा जमिनीत चार बोटे रोवला, त्यात एक लिटर पाणी ओतले आणि घड्याळ लावले. पालापाचोळ्याखालच्या भुसभुशीत जमिनीने ते पाहता पाहता पिऊन टाकले.

किनाऱ्याजवळची जमीन रेताड. वाळूच्या दाण्यांमध्ये पोकळ्या असतात. शंभर भाग वाळूत तीस-चाळीस भाग पोकळीच असते. बरणी वाळूने भरून त्यात मोजून पाणी ओतले की हे वर्गातही दाखवता येते. म्हणून इथल्या विहिरींना पाणी चांगले. पण या साठ्याचा तळ वेगळा आहे. गोड पाणी हलके, खारे पाणी जड. त्यामुळे जमिनीखाली गोडे पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असते. बर्फाचा थोडा भाग पाण्याबाहेर आणि बराच पाण्याखाली असतो, तसेच इथे घडते. दोन्ही पाण्यांच्या घनतेवरून हिशेब केला तर समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तेव्हा खाली सुमारे चाळीस मीटर असते. याचा अर्थ असा, की उपसा करून वरची पातळी कायमची एक मीटरने उतरवली, तर खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर येऊ पाहते. प्रत्यक्षात जमिनीचे थर एकसारखे नसतात, म्हणून आकडा बदलतो. पण दिशा हीच. किनाऱ्यावरच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

“म्हणजे यांना पाणी आहे, पण जपून,” मुलीने वहीत लिहिले.

कोसबाडच्या टेकडीवर

तिथून कोसबाडला आलो. शिक्षकांना हे नाव नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे या टेकडीवर आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. उशिरा येणाऱ्या मुलीच्या नावापुढे खूण करणाऱ्या माझ्यासारखीला इथे थोडा वेळ गप्प उभे राहावे लागले.

पाऊस ओसरला तेव्हा पश्चिमेला समुद्राची राखाडी पट्टी दिसली. ढग आमच्या डोक्यावरून पूर्वेला, जव्हारकडे चालले होते. समुद्रावरून आलेली ओलसर हवा पुढे डोंगराला अडून वर चढते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन कोसळते. म्हणून डहाणूच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण दोन मीटर, म्हणजे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आत डोंगराळ भागात त्याहून जास्त. मराठवाड्यातल्या अनेक गावांना याच्या निम्माही मिळत नाही. तरी टंचाई इथेही आणि तिथेही.

उतारावरच्या उघड्या जागी पुन्हा डबा रोवू लागलो, तर तो चार बोटे आत जाईना. माती जेमतेम वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. ओतलेले पाणी बराच वेळ डब्यात तसेच राहिले, आणि आजूबाजूने मात्र पावसाचे पाणी खळखळत उतरत होते. शेजारच्या झाडांखाली, पाचोळ्यात, तेच पाणी लवकर मुरले. हा प्रयोग जूनच्या पहिल्या पावसाआधी एकदा आणि आषाढात एकदा करावा. कोरडी जमीन भराभर पाणी पिते. तुडुंब झालेली पीत नाही. जागा बदलली की निकाल बदलतो, तसाच महिना बदलला तरी बदलतो, हे मुलांना त्यातून कळते.

खाचरात मुले गुरू झाली

दुपारी तलासरीकडे परतलो तेव्हा आवणी चालू होती. इथून पुढे शिकवण्याचे काम मुलांनी हाती घेतले. उन्हाळ्यात राब कसा भाजतात, आवण किती बोटे झाली की उपटतात, चिखलणी करताना बैल कसे फिरवतात, हे त्यांनी आम्हा शिक्षकांना सांगितले. डब्यातले पाणी खाचरात जवळजवळ हलेचना. चिखलणीने मातीचे कण मोडतात, पोकळ्या बुजतात आणि खाली एक घट्ट थर तयार होतो. भाताला पाणी उभे लागते म्हणून शेतकरी जमिनीला मुद्दाम कमी पिणारी बनवतो. पण बांध घातल्यामुळे पाणी धावतही नाही. ते थांबते, हळूहळू झिरपते आणि जास्तीचे खालच्या खाचरात उतरते. बांधाच्या तोंडाशी मासे धारेच्या विरुद्ध वर चढू पाहत होते. “वलगणीचे मासे पण आपल्यासारखेच निघाले, बाई, दर्यापासून उलटे!” एकजण ओरडला. मासे समुद्रातले नव्हते, ओहोळातले होते. पण दिशा त्याने बरोबर ओळखली होती.

घागर किती मोठी?

शेवटी त्या मुलीच्या पाड्यावरच्या विहिरीपाशी आलो. आषाढात ती भरलेली होती. हात घालून पाणी घ्यावे इतकी. विहीर बांधीव नव्हती, त्यामुळे काठाजवळ थर दिसत होते : माती, मग मुरूम. त्याखाली काळा कातळ आहे, हे विहीर खणणाऱ्या आजोबांनी सांगितले.

हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर थंड होऊन झालेला बेसाल्ट. अखंड बेसाल्ट पाणी धरीत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या भागात, म्हणजे मुरमात. आता हिशेब करू. समजा मुरमाची जाडी ५ मीटर आहे आणि त्याच्या शंभर भागांतून विहिरीला मिळू शकणारे पाणी ३ भाग आहे. ५ मीटरचे शंभरात तीन म्हणजे १५ सेंटीमीटर, अर्थात १५० मिलिमीटर. पाऊस पडतो २००० मिलिमीटर. जमिनीची घागर १५० मिलिमीटरची! ती जुलै संपण्याच्या आतच भरते, आणि त्यानंतरचा पाऊस तिच्यावरून वाहून जातो. आकडे जागोजाग बदलतील, पण घागर लहान आहे हे बदलणार नाही.

आणि ही घागर गळकीही आहे. पाडा उंचावर, ओहोळ खाली. पाऊस थांबल्यावर मुरमातले पाणी उताराने ओहोळाकडे सरकत राहते. दिवाळीनंतरही ओहोळ वाहतो तो याच पाण्यावर. वरची विहीर रिकामी होत जाते आणि मार्चमध्ये पाणी उरते ते सर्वांत खालच्या जागी, ओहोळाच्या वाळूत. तिचा डवरा नेमका तिथेच होता.

एका मुलाने विचारले, “धरणीकंपानं पाणी खाली गेलं का?” डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान धक्क्यांची मालिका चालली, घरांना तडे गेले, तेव्हा हा प्रश्न येणारच. उत्तर मी दिले नाही. आजोबांना विचारायला सांगितले. ते म्हणाले, “माझी आई पण डवऱ्यावरच जायची.” कारण हे परिणामाच्या आधी यायला हवे. विहीर २०१८ च्या कितीतरी आधीपासून आटते, तेव्हा आटण्याचे मूळ कारण भूकंप नाही. धक्क्यांनी एखाद्या विहिरीची पातळी काही काळ बदलू शकते; मात्र या भूकंपांचे उगम काही किलोमीटर खोल आहेत आणि आपली विहीर काही मीटर. मुरलेल्या पाण्याचा दाब अशा धक्क्यांना निमित्त होतो का, हा उलटा प्रश्नही शास्त्रज्ञांनी अभ्यासाला घेतला आहे.

मग करायचे काय?

घागर लहान आणि गळकी असेल तर तीन वाटा दिसतात. पहिली, गळती हळू करायची. उतारावर समतल चर, बांध, झाडे आणि पाचोळा यांनी पाणी रेंगाळते. दुसरी, ऑक्टोबरमध्ये ओहोळ वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. त्याने ओहोळाची पातळी चढते आणि काठच्या विहिरींचे पाणी काही आठवडे तरी जास्त टिकते. तिसरी, घागरीत न मावणारे पाणी जमिनीच्या वर साठवायचे.

या तिसऱ्या वाटेचा हिशेब मुलांनी विहिरीच्या काठावरच केला. घराचे छप्पर ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २००० लिटर. पंधरा लिटरचे सव्वाशेहून जास्त हंडे, एका दिवसात, एकाच छपरावर! वर्षाचे ८०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ६४,००० उरतात. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचा निकष धरला आहे. पाच माणसांना रोज २७५ लिटर, म्हणजे हे पाणी २३० दिवस पुरेल.

एवढे साठवायला टाकी मात्र खोलीएवढी लागेल. म्हणून पुढचा प्रश्न : फक्त पिण्या-रांधण्याचे पाणी साठवले तर? माणशी १० लिटर, पाच माणसे, कोरडे २४० दिवस : १२,००० लिटर. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच टाकी. तिचाही खर्च एका घराला जड आहे. पण शाळेचे छप्पर घराच्या कितीतरी पट मोठे असते, आणि ते सगळ्यांचे असते. पहिल्या सरींचे घाण पाणी सोडून द्यायचे, पन्हळीच्या तोंडाला गाळणी लावायची, टाकी झाकलेली ठेवायची आणि पाणी उकळून प्यायचे, एवढी पथ्ये पाळायला हवीत.

तुमच्या शाळेतही हे करून पाहा. पर्जन्यमापक ठेवा, किनाऱ्याजवळच्या आणि आतल्या अशा दोन शाळांनी रोजचे आकडे एकमेकींना कळवले तर फारच चांगले. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दोरीला दगड बांधून गावातल्या एका विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांना विहिरीपाशी पाठवू नका. वर्षाअखेर दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. पाऊस थांबल्यावर पातळी कोणत्या महिन्यात किती उतरते, हे त्या कागदावरून मुले स्वतःच सांगतील.

आमच्याकडे ते काम त्या मुलीने घेतले आहे. शाळेच्या पत्र्याला पन्हळ बसवायचे ठरले आहे, आणि मार्चपासून पहिला तास वाचनाचा ठेवला आहे, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचे गणित बुडायचे नाही. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर आता विहिरीच्या पातळीचा एक रकाना आहे. आषाढातली पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे : ‘काठापासून एक हात.’